चौकट सोड

नाथा गेल्याला एकवीस दिवस झाले होते, आणि त्याच्या अंगणातला ट्रॅक्टर अजून होता तिथेच होता. लोडरची बकेट जमिनीत वीतभर रुतलेली, तिला उचलणारे दोन्ही लोखंडी हात पुढे वाकलेले, आणि डाव्या चाकाजवळची माती कुणीतरी पाणी मारून, वर राख पसरून सारखी केलेली. घरातलं माणूस बाहेर निघालं की त्या अंगाला न बघता भिंतीच्या कडेकडेने फाटकापर्यंत जाई.

कल्पिता, नाथाची थोरली मुलगी, त्या शनिवारी सकाळी कोपरहून निघाली आणि टिटवाळ्याला उतरून रिक्षाने गावात आली. दुपारी चारला गावकीचा प्रमुख महेंद्र आणि गावकीची आणखी चार माणसं घरी यायची होती. सोमवारी तिच्या धाकट्या भावाला, देवेशला, पोलिसांपुढे जबाब द्यायचा होता, आणि त्या जबाबात काय असावं हे गावकीने ठरवूनच टाकलं होतं. नाथा लोडरखाली वाकला होता, ऑपरेटर धम्मपाल सीटवर होता, त्याचा हात लिव्हरला लागला आणि लोडर खाली आला. आज घरच्यांनी फक्त मान डोलवायची होती.

धम्मपाल अकरा वर्षं नाथाची मशीन चालवत होता. मी सीटवर नव्हतोच, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण त्या वेळी अंगणात तिसरं कुणी नव्हतं, आणि बौद्धवाड्यातल्या एका माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला गावकीला सवड नव्हती.

कल्पिताला एक गोष्ट माहीत होती. आबांचा, म्हणजे नाथाचा, शेवटचा फोन तिला आला होता. हे तिने एकवीस दिवसांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिने बोलावल्यावरून धम्मपाल अकराच्या सुमाराला आला आणि फाटकाबाहेरच थांबला.

"आत या ना, दादा."

"देवेशशेठ आहेत?"

"कल्याणला गेलाय. तीनपर्यंत येईल."

तेव्हा तो आत आला. पंचेचाळिशीचा सडपातळ माणूस, दाढी वाढलेली. ट्रॅक्टरकडे त्याने पाठच ठेवली. "काय काम काढलंत, ताई? पोलिसांना सांगायचं ते मी सांगितलंय."

"लोडर कमी का उचलत होता, ते शोधायचंय."

"आता?"

"आबा शोधत होते. अर्ध्यावर राहिलं."

धम्मपाल कसनुसं हसला. "रागावू नका ताई, पण लोडर आता माती उचलो नाहीतर नको उचलो. इथे मला उचलायची तयारी चाललीय."

"म्हणूनच," कल्पिता म्हणाली. "तो खाली कशाने आला हे कळायला हवं. लिव्हरने की आणखी कशाने." तिने पिशवीतून कागद काढले. लोडरच्या पुस्तकाची चार पानं तिने डोंबिवलीत छापून घेतली होती.

धम्मपालने एकदा त्या कागदांकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

नाथा चौथी शिकलेला. इंग्रजी त्याला लागत नसे, पण यंत्र मात्र हाताला लागे. पंप असो, फवारणीचा डबा असो, पुढे ट्रॅक्टर असो, सोबत आलेलं पुस्तक तो लेकीपुढे टाकायचा. सातवीत असल्यापासून कल्पिता ती पुस्तकं वाचून त्याला मराठीत सांगत आली होती. तीच तिची पहिली वाचनाची गोडी, असं ती पुढे कॉलेजात ग्रंथपाल झाल्यावर गमतीने सांगायची. त्या पुस्तकांत पानोपानी काळ्या चौकटी असायच्या. हे करू नका, ते केल्यास जीव जाईल. ती वाचायला लागली की नाथा हात झटकायचा. "चौकट सोड गो. ती साहेबांनी आपली मान सोडवायला लिवलेली हाय. पुढचा सांग." आणि ती पुढचं सांगायची. लग्न होऊन कोपरला गेल्यावर हेच वाचन फोनवर चालू राहिलं.

धम्मपालने शेवटी ट्रॅक्टरकडे तोंड केलं. लोडर उचलणाऱ्या डाव्या जॅकच्या बुडाशी येणारा जाड पाईप सुटून लोंबत होता, आणि त्याच्या तोंडाला कुणीतरी प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती. वर उचलायचं तेल याच पाईपातून जॅकमध्ये जातं.

"गावकी म्हणते, जेसीबीने लोडर उचलून आबांना काढलं, तेव्हा ओढला जाऊन तुटला," कल्पिता म्हणाली.

धम्मपाल उकिडवा बसला. पिशवी सोडली, फडक्याने नट पुसला आणि तिच्यापुढे धरला. "नख फिरवून बघा. आटे आहेत?"

तिने अंगठ्याचं नख फिरवलं. एकेक आटा नखाला लागत होता, कुठे गेलेला नव्हता.

"ओढून तुटला असता तर आटे सोलून निघाले असते. हा पान्याने सोडलाय."

"कुणी?"

"पाना शेठच्या हाताजवळ पडलेला. नंतर कुणीतरी उचलून पेटीत टाकला." तो उठून उभा राहिला. "लोडर वर असताना सगळं वजन या पाईपातल्या तेलावर असतं, ताई. नट दोन फेरे सुटला की संपलं. लिव्हरला कुणी हात लावायची गरज नाही."

कल्पिताने नट त्याच्या हातात परत दिला. तिची बोटं काळी झाली होती. "लावा परत. चालू करून बघू."

तो कामाला लागला. पाईप बसवला, नट आवळला. टाकीत तेल बघितलं तर पाच लिटर कमी. शेडमधल्या कॅनमधून भरलं. एवढं तेल त्या राखेखालच्या मातीत गेलं होतं. तुळसा, कल्पिताची आई, दारात येऊन उभी होती. इंजिन सुरू झालं तसा तिने उंबऱ्याचा आधार घेतला, पण आत गेली नाही.

धम्मपालने बकेटमध्ये माती भरली आणि लिव्हर ओढला. पंप रडल्यासारखा आवाज करू लागला. बकेट गुडघ्याएवढी वर आली, थरथरली आणि थांबली.

"त्या दिवशी असंच?"

"असंच. अर्धी भरली तर छातीएवढी जायची, पूर्ण भरली तर एवढीच." त्याने बकेट खाली टेकवली आणि इंजिन बंद केलं. "वाचा."

"एक, तेल."

"भरलं."

"दोन, पाईपचे जोड पूर्ण बसलेत का बघा."

लोडरचे पाईप ट्रॅक्टरला जिथे जोडतात तिथे धम्मपाल वाकला. अपघाताच्या आदल्या दिवशी याच जोडावर मुरमाची ट्रॉली लावली होती. त्या दिवशी सकाळी नाथाने ती काढून लोडरचे पाईप लावले होते. धम्मपालने वरच्या जोडावर हात ठेवला आणि तसाच राहिला.

"काय झालं?"

"रिंग पुढे आलेली नाही. अर्धाच बसलाय."

त्याने तळहाताने जोर दिला. खट्ट आवाज झाला आणि पितळी रिंग बोटभर पुढे सरकली. पुन्हा इंजिन सुरू केलं, लिव्हर ओढला. भरलेली बकेट एका दमात वर गेली. कंबर, छाती, मग डोक्याच्याही वर. दोघंही न ठरवता मागे सरले होते, तो सीटवर मागे रेलून आणि ती भिंतीपर्यंत. धम्मपालने ताबडतोब बकेट जमिनीवर आणली.

"एवढंच होतं?" कल्पिताने विचारलं.

"एवढंच."

इंजिन बंद झाल्यावर अंगणात काही आवाज राहिला नाही. समोरच्या नव्या बिल्डिंगवर लिफ्टचं काम चाललं होतं तेवढंच. कल्पिता कागद हातात धरून उभी होती. तिला सांगायचंच होतं, तर आता सांगायला हवं होतं.

"दादा, त्या दिवशी आबांना फोनवर हे मी वाचून दाखवत होते. दोन नंबरचं वाचलं की सुटलं, मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. कधी वाटतं वाचलं, कधी वाटतं नाही."

"वाचलंत," धम्मपाल म्हणाला.

तिने हातातले कागद खाली केले.

"फोन स्पीकरवर होता. बोनेटवर ठेवलेला. मी इथेच उभा होतो."

"सगळं ऐकलंत?"

"लोडरला टेकू द्यायला ओंडका आणायला गेलो तोवरचं सगळं."

"मग एकवीस दिवस बोलला का नाहीत? पोलिसांना सांगायचं. मला सांगायचं."

"काय सांगू?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "शेठच्या पोरीने फोनवर सांगितलं पाईप सोडा, म्हणून त्यांनी सोडला? कोणी ऐकलं असतं? उलट बोलले असते, बघा, स्वतःवर आलं तर मेलेल्याच्या लेकीवर ढकलतो. वैशाली, माझी बायको, रोज म्हणते, सांगून टाका. तिला म्हटलं, आज नुसतं पोलिसांचं लफडं आहे, सांगितलं तर गावातून उठावं लागेल." तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्यावर उपकार म्हणून गप्प बसलो नाही, ताई. तसं समजू नका."

"नाही समजत."

"आणि शोधायचंच असेल तर लोडरमध्ये काय शोधता? शेठच्या मोबाईलमध्ये शोधा. आलेलं गेलेलं सगळं बोलणं त्यात रेकॉर्ड होऊन राहतं. इथल्या सगळ्या जमीनवाल्यांचं तसंच आहे. दलाल आज एक बोलतो, उद्या फिरतो, म्हणून."

कल्पिताला हे माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

देवेश तीनच्या आधीच आला. ती त्याला मागच्या पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेली.

"आबांचा मोबाईल कुठाय?"

"कपाटात. कशाला?"

"माझा फोन त्यात आहे. शेवटचा."

देवेशने मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं.

"तू ऐकलंयस."

"तिसऱ्या दिवशी."

"आणि तरी धम्मपालचं नाव देतोयस?"

"मग काय तुझं देऊ?" तो दबक्या आवाजात पण दात आवळून बोलला. "कागदावर लिहून देऊ, माझ्या बहिणीने सांगितलं म्हणून बाप मेला? आयेला काय सांगू? तुझ्या सासरी काय सांगू? पोलिसांना एक नाव पायजे ताय, त्याशिवाय ते फाईल मिटवत नाय. मना दोघांतला एक निवडायचा होता."

"तो सीटवर नव्हता."

"माहीत हाय मना."

"त्याला आत टाकतील, देवेश."

"नाय टाकत. चार चकरा मारायला लावतील, मग सोडतील. महेंद्रशेठ बोललेत." मग त्याचा स्वर उतरला. "तू ते ऐकू नको. मी एकदा ऐकलंय, रोज कानात वाजतंय. तू नको ऐकू गो."

कल्पिता आत गेली. कपाटात साड्यांच्या घडीखाली मोबाईल होता. चार्जिंगला लावून ती त्याच्याजवळ बसून राहिली. उघडून ऐकलं मात्र नाही. एकटीने ऐकलं तर पुन्हा कुणासमोर लावायचं धाडस उरणार नाही, असं तिला वाटलं.

चारला माणसं आली. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. महेंद्र मधे बसला. बायका रिवाजाप्रमाणे दाराच्या आत. धम्मपालला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो सकाळचा गेला नव्हता, फाटकाजवळ उभा होता.

"हा कशाला इथे?" एकाने विचारलं.

"मी थांबवलंय," कल्पिता म्हणाली आणि ओटीवरून खाली अंगणात उतरली. "जबाबाचं ठरवायच्या आधी एक ऐकायचंय सगळ्यांनी."

"बस पोरी," महेंद्र म्हणाला. "देवेश हाय ना. तू कशाला तरास घेतेस?"

तिने मोबाईल समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि ते रेकॉर्डिंग लावलं.

आधी इंजिनाची घरघर. मग नाथा.

"हां, बोल. तेल भरलेला हाय."

"दोन. पाईपचे जोड पूर्ण बसलेत का बघा," कल्पिताचा आवाज. जरा घाईत, पण स्पष्ट.

"बसलेत. पुढं."

"बघा तरी, आबा."

"अगो, सकाळी मी लावलेत का तू लावलेस? पुढं वाच."

"तीन, फिल्टर."

"नवा टाकलाय. पुढं."

"चार. बकेट जाईल तेवढी वर घ्या, इंजिन बंद करा, आपोआप खाली येते का बघा."

घरघर वाढली आणि थांबली. बराच वेळ काही नाही. मग नाथा म्हणाला, "येतंय. हलू हलू येतंय."

"मग व्हॉल्व्ह तरी गेला असेल नाहीतर जॅकचं सील."

"त्यातला कुठला, कसा समजायचा?"

मागून कुणी मुलगी विचारत होती, मॅडम, पुस्तक रिन्यू करायचं होतं. "एक मिनिट हं," कल्पिताचा आवाज. मग पुन्हा फोनमध्ये, "आबा, इथे मोठी चौकट आहे."

"चौकट सोड. पुढं काय?"

"जॅकचा खालचा पाईप सोडा, तोंडाला बूच लावा. तरीही बकेट उतरली तर सील गेलं."

फोनपासून लांब उभ्या धम्मपालचा पुसट आवाज आला. "शेठ, सोडू नका! टेकू द्यायला ओंडका आणतो."

"आण, आण. जा."

"आबा, इथे लोक थांबलेत. ठेवू मी?"

"ठेव. जेवलीस का?"

"नाही अजून."

"बरा, ठेव."

पुढे काही नव्हतं.

कल्पिता मोबाईलकडे बघत उभी होती. महेंद्रने आधी देवेशकडे पाहिलं, मग घसा साफ केला. "यात पुढचा काय झाला ते नाय. ओंडका घेऊन तो आला असेल, सीटवर बसला असेल."

"नट पान्याने सोडलेला आहे, काका. आटे शाबूत आहेत, येऊन बघा. पाच लिटर तेल कमी होतं. लिव्हरने खाली आला असता तर तेल टाकीत परत गेलं असतं."

"ते समजलं. पण पोरी, तू शिकलेली. स्वतःचा नाव कागदावर घालायचा हट्ट कशाला? नाथाच्या पोरीवर बोट दाखवायला गावाला बरा वाटेल काय?"

"त्याच्यावर दाखवायला बरं वाटत होतं ना," ती म्हणाली. "सोमवारी जबाब मी देणार. हा मोबाईलही देणार."

देवेश उठला आणि कुणाकडे न बघता फाटकातून बाहेर गेला. जाताना त्याचा खांदा धम्मपालला लागला. गावकीची माणसं चहा न घेताच उठली. महेंद्र जाता जाता म्हणाला, "बापासारखीच. कुणाचा ऐकायचा नाय." तो ते रागाने म्हणाला की कसं, तिला कळलं नाही.

धम्मपालने शेडमधून स्वतःचा जेवणाचा डबा घेतला. खुंटीवर टांगलेला जुना शर्टही घेतला.

"दादा, सोमवारी अकराला."

"येईन. माझा मी येईन, तुमच्याबरोबर नाही."

"कामावर परत..."

"नाही, ताई." शर्टाची घडी करत तो म्हणाला, "ओंडका घेऊन परत यायला मला दोन मिनिटं जास्त लागली. गोठ्यामागचा पहिला हलका वाटला म्हणून मी दुसरा शोधत बसलो. हे पोलिसांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुम्ही लिहा त्यात, हवं तर."

"नाही लिहिणार."

"तुमची मर्जी," असं म्हणून तो गेला.

अंगणात खुर्च्या तशाच होत्या. कल्पिताने त्या एकात एक घालून भिंतीशी लावल्या. तुळसा दारातून बाहेर आली आणि ओटीच्या पायरीवर बसली. एकवीस दिवसांत ती पहिल्यांदा ट्रॅक्टरकडे तोंड करून बसली होती. कल्पिता तिच्या खालच्या पायरीवर बसली.

"कल्पे," तुळसा म्हणाली, "तुना घाई व्हती?"

कल्पिताने तोंड उघडलं. काउंटरवर चार मुलं उभी होती, परीक्षा जवळ आली होती, आबा दर आठवड्याला असा फोन करायचे आणि अर्धा अर्धा तास सोडायचे नाहीत. सगळं खरं होतं आणि सगळं जिभेवर आलं.

"हो," ती म्हणाली.

तुळसाने मान हलवली. लेकीच्या खांद्यावर हात टेकून ती उठली. उठायला आधार लागला म्हणून तिने हात टेकला होता, दुसरं काही नव्हतं. मग ती आत गेली. सोमवारपर्यंत कल्पिता माहेरीच राहिली. तुळसा तिला दोन्ही वेळा ताट वाढत होती, भात संपला की आणखी वाढत होती. बोलली मात्र एक शब्द नाही.